मुलाला सापडलेलं जुनं नाणं खरं की बनावट? घरच्या घरी तपासायची रीत

वाडा पाडताना निघालेल्या मातीत, आजीच्या पत्र्याच्या डब्यात, नदीकाठच्या वाळूत, शाळेच्या मैदानात पोरांना नाणी सापडतात. घरात आल्याबरोबर मोठ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘किती येतील याचे?’ तो प्रश्न सध्या बाजूला ठेवा. आधी हे नाणं स्वतःला काय म्हणवतंय ते वाचायचं आणि मगच ते खरं बोलतंय का, हे तपासायचं. हा क्रम उलटा केला की लोक एकतर फसतात, नाहीतर चांगलं नाणं खोटं म्हणून फेकून देतात.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. मुलांना सहज सापडलेली नाणी बहुतेक वेळा खरी असतात आणि बहुतेक वेळा स्वस्तही असतात. पाव आण्याचं तांब्याचं नाणं बनावट तयार करायला कुणाला वेळ नाही. बनावट माल सहसा ‘फार दुर्मीळ आहे, आजोबांनी जपलं होतं’ अशा कहाणीसकट येतो.

पहिलं काम: घासू नका

चिंच, लिंबू, पीतांबरी, टूथपेस्ट, राख यांतलं काहीही लावू नका. नाण्यावर वर्षानुवर्षं चढलेला काळपट किंवा तपकिरी थर हा त्याच्या वयाचा पुरावा असतो. तो गेला की खरेपणा ओळखणं अवघड होतं आणि संग्राहकाच्या लेखी किंमतही पडते. माती असेल तर साध्या पाण्यात थोडा वेळ ठेवा, बोटाने हलकेच चोळा आणि टिपून कोरडं करा. तांब्याच्या नाण्यावर फिकट हिरवी, भुकटीसारखी सुटणारी बुरशी दिसली तर ते नाणं इतरांपासून वेगळं आणि अगदी कोरडं ठेवा, कारण तो गंज पसरत जातो.

मूल लहान असेल तर नाणं तोंडात जाणार नाही याकडे लक्ष द्या. सातवाहनांची बरीच नाणी शिशाची आहेत, म्हणून मातीतलं करड्या रंगाचं जड नाणं हाताळल्यावर सगळ्यांनी हात धुवावेत.

मुलाला विचारा आणि लिहून ठेवा

कुठे सापडलं, किती खोल, एकटंच होतं की आणखी काही होतं? आज नाही विचारलंत तर महिन्याभराने पोरगं तीन वेगळ्या जागा सांगेल. पैठण, तेर, नेवासे, जुन्नर ही जुन्या वस्तीची गावं आहेत. तिथल्या नदीकाठी हत्तीची आकृती असलेलं वेडंवाकडं नाणं मिळालं तर त्यात नवल नाही. तेच नाणं पर्यटनस्थळाबाहेरच्या फेरीवाल्याने दिलं असेल तर शंका घ्यायला हवी.

नाणं काय म्हणतंय ते वाचा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. अर्धी बनावट नाणी काटा-भिंग न काढता याच टप्प्यावर उघडी पडतात, कारण ती बनवणाऱ्यांना इतिहास फारसा ठाऊक नसतो. खिडकीजवळ बसा, मोबाइलचा उजेड तिरपा पाडा, दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि अक्षर न् अक्षर मुलालाच वाचायला लावा.

महाराष्ट्रात सर्वाधिक आढळतो तो ब्रिटिश काळातला चांदीचा रुपया. १८३५ साली कंपनी सरकारने सगळ्या मुलखासाठी एकाच मापाचा रुपया सुरू केला, त्यावर चौथ्या विल्यमचं डोकं होतं. १८४० चं साल असलेल्या रुपयावर व्हिक्टोरिया आली, पण मागे ‘ईस्ट इंडिया कंपनी’ हेच शब्द राहिले. १८६२ पासून मागच्या बाजूला ‘इंडिया’ आलं. राणीच्या नावापुढे आधी ‘क्वीन’ असे, १८७७ पासून ‘एम्प्रेस’. राणीछाप रुपयावर ‘एम्प्रेस’ लिहिलंय आणि साल १८७७ च्या आधीचं आहे, तर पुढचं काही तपासायची गरज नाही. ते खोटं.

१८६२ हे साल मात्र फार रुपयांवर दिसतं, त्याने बिचकू नका. ते साल पुढे १८७४ पर्यंत पाडलेल्या रुपयांवरही तसंच ठेवलं होतं.

सातव्या एडवर्डचे रुपये १९०३ ते १९१० चे. त्यावर राजाच्या डोक्यावर मुकुट नाही, म्हणून तो ‘टकल्या राजा’ खोटा वाटतो, पण तो तसाच आहे. पाचव्या जॉर्जचे रुपये १९११ ते १९२२ आणि मग एकदम १९३६. मधल्या वर्षांत रुपया पाडलाच गेला नाही, त्यामुळे ‘१९२७ चा जॉर्ज पंचम रुपया’ कुणी दाखवला तर हसून परत करा. १९११ च्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली होती. तो रुपया परत घेऊन १९१२ पासून सोंड नीट दिसेल असा ठसा केला. म्हणजे साल १९११ आणि हत्ती मात्र सुधारलेला, अशी जोडी जुळत नाही.

सहाव्या जॉर्जचे चांदीचे रुपये १९३८ ते १९४५ चे आणि १९४७ चा निकेलचा. यातलं १९३९ हे साल अतिशय दुर्मीळ आहे, म्हणूनच दुसऱ्या सालाच्या रुपयाचा आकडा कोरून १९३९ करण्याचा उद्योग चालतो. हे साल दिसलं की शेवटचा आकडा भिंगाखाली बघा. त्याच्या भोवतीची जागा खरवडल्यासारखी किंवा जास्त चकचकीत असेल तर समजून जा.

मराठवाड्यातल्या घरांत निजामाचं हाली नाणं निघतं. चारमिनारचं चित्र असलेल्या या रुपयावर साल हिजरी असतं. अंदाजासाठी हिजरी सालाला ०.९७ ने गुणा आणि त्यात ६२२ मिळवा. १३३० म्हणजे साधारण १९१२. चारमिनारच्या कमानीत ‘ऐन’ हे अक्षर असेल तर नाणं उस्मान अली खानाच्या काळचं आणि ‘मीम’ असेल तर त्याच्या वडिलांच्या, महबूब अली खानाच्या काळचं. गोव्यात किंवा सावंतवाडीकडे ‘इंडिया पोर्तुगेझा’ लिहिलेली नाणी भेटतात. ती परदेशी म्हणून बाजूला टाकू नका.

वजन, माप आणि लोहचुंबक

०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा खिशातला काटा आता स्वस्तात मिळतो. स्वयंपाकघरातला काटा या कामाला उपयोगी नाही.

ब्रिटिश रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे एक तोळा, आणि व्यास साडेतीस मिलिमीटरच्या आसपास. अर्धा रुपया ५.८३, पावली २.९२ आणि चांदीची दुआणी १.४६ ग्रॅम. पाव आण्याचं तांब्याचं नाणं आधी ६.४७ ग्रॅमचं होतं, १९०६ नंतर ते काशाचं आणि ४.८६ ग्रॅमचं झालं. हातोहात फिरून झिजलेला रुपया साडेअकरा ग्रॅमच्याही खाली जातो, तेव्हा थोडं कमी वजन हा दोष नाही. वजन जास्त भरलं तर मात्र सावध व्हा. नाणं झिजतं, वाढत नाही. फक्त मागे कडी जोडायला डाग दिलेला किंवा मातीची पुटं चिकटलेली नाहीत एवढं बघा.

वरचे आकडे प्रत्येक चांदीच्या रुपयाला लावू नका. चारमिनारचा हाली रुपया मुळातच ११.१८ ग्रॅमचा आणि कमी कसाच्या चांदीचा आहे. ब्रिटिश रुपयाच्या मापाने तो खोटा ठरवणारे लोक मी पाहिले आहेत.

लोहचुंबक लावा. सोनं, चांदी, तांबं, पितळ, शिसं यांतलं काही चिकटत नाही. चांदीचा म्हणून दिलेला रुपया चिकटला तर आत लोखंड आहे. अपवाद निकेलच्या नाण्यांचा: १९४७ चा रुपया, १९४६-४७ मधली अर्धा आणि पाव रुपयाची नाणी आणि स्वातंत्र्यानंतरचा सुरुवातीचा रुपया ही चिकटतात आणि खरी असतात. उलट, चुंबकाला चिकटलं नाही म्हणून चांदी सिद्ध होत नाही, कारण जर्मन सिल्व्हर, म्हणजे तांबं-निकेल-जस्ताचं चांदीसारखं दिसणारं मिश्रण, तेही चिकटत नाही.

पाण्यातली परीक्षा

हा प्रयोग पाचवी-सहावीतल्या मुलाला सहज जमतो आणि आर्किमिडीज शाळेत येण्याआधी घरात येतो. नाणं कोरडं असताना त्याचं वजन करा. मग काट्यावर पाण्याचा छोटा पेला ठेवून काटा शून्यावर आणा. नाण्याला बारीक दोरा बांधून ते पाण्यात पूर्ण बुडेल, पण तळाला किंवा कडांना लागणार नाही असं हातात धरा. नाण्यावर बुडबुडे राहू देऊ नका. आता काटा जो आकडा दाखवेल तो नाण्याचा घनफळाचा आकडा. कोरड्या वजनाला त्याने भागा.

१९३९ पर्यंतचा ब्रिटिश रुपया ९१.७ टक्के चांदीचा. त्याचा भागाकार १०.३ च्या आसपास येतो, म्हणजे पाण्यात काटा सुमारे १.१३ दाखवेल. १९४० पासूनच्या रुपयात चांदी निम्मीच आहे, तिथे साडेनऊ धरा. तांबं ८.९, पितळ साडेआठच्या जवळपास, शुद्ध शिसं ११.३. पितळेवर चांदीचा मुलामा दिलेला ‘रुपया’ वजनाला बरोबर भरला तरी पाण्यात १.३७ च्या आसपास दाखवेल आणि तिथेच पकडला जाईल. छोट्या नाण्यांना ही परीक्षा फारशी भरवशाची नाही, काट्याची बारीकशी चूकसुद्धा निकाल फिरवते.

‘बंदा रुपया खणखणीत वाजतो’ हे खरं आहे, पण तो फरशीवर आपटायची गरज नाही. बोटाच्या टोकावर तोलून पेन्सिलीने हलकं टिचकवा. चांदीचा नाद लांबतो. नाण्याला बारीक तडा असेल तर खरं नाणंही बद्द वाजतं, म्हणून एकट्या आवाजावर निकाल देऊ नका.

भिंगातून

सराफाकडे असतं तसं दहापट भिंग पुरे. टांकसाळीतलं नाणं दोन ठशांमध्ये दाबून पाडलेलं असतं, त्यामुळे अक्षरांच्या कडा धारदार असतात आणि मोकळी जागा सपाट. साच्यात ओतून केलेल्या नकलेवर बारीक खड्डे किंवा बुडबुड्यांच्या खुणा दिसतात आणि अक्षरं वितळल्यासारखी गुळगुळीत. कडेवरून गोल फिरा. मधोमध शिवण असेल किंवा ती कानशीने घासलेली दिसली तर दोन अर्धुकं जोडली आहेत. रुपयाच्या कडेवर उभ्या रेघा एकसारख्या असायला हव्यात. १९४० नंतरच्या निम्म्या चांदीच्या रुपयांना कडेच्या मधोमध खोबण आणि त्यात नक्षी होती. ती बनावट रोखण्यासाठीच केली होती आणि नकलाकारांना आजही नीट जमत नाही.

झीजही बघा. खऱ्या नाण्यात आधी उंच भाग झिजतात: राणीचा गाल, केस, मुकुटाचं टोक. खोलगट भागात मळ साचतो. सगळीकडे एकसारखा काळा रंग आणि उंच भागही काळेच असतील तर तो थर काळाने चढलेला नाही, कुणीतरी चढवलेला आहे.

शिवराईला हे नियम लावू नका

आपल्याकडे सर्वात जास्त गोंधळ इथे होतो. छत्रपती शिवाजी महाराजांनी सुरू केलेली तांब्याची शिवराई पुढे पेशवाईत आणि इंग्रजी अमलातही बराच काळ चालली. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री / राजा / शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्र / पति’, कडेने ठिपक्यांची गोलाई. उत्तरकाळात मधे दोन आडव्या रेघांची दुदांडी शिवराई आली. ठिकठिकाणच्या टांकसाळींत, वेगवेगळ्या हातांनी ठसे कोरले गेले. अक्षरांची वळणं बदलतात, काना कुठे तुटतो, वेलांटी भलतीकडे जाते. वजनही कमीजास्त असतं. म्हणून ओबडधोबड दिसतंय एवढ्यावरून शिवराई खोटी ठरत नाही.

उलट फार देखणी असेल तर संशय घ्या. तेव्हाचा ठसा नाण्याच्या चकतीपेक्षा मोठा असे आणि घाव हातोड्याचा. त्यामुळे मजकूर कुठेतरी कापला जातो: ‘छत्र’ पूर्ण आणि ‘पति’ अर्धं, ठिपके एकाच बाजूला. पूर्ण गोल चकती, मधोमध बसलेला सगळा मजकूर, चहूबाजूंनी सारखे ठिपके अशी शिवराई बहुधा शिवजयंतीला विकल्या जाणाऱ्या आठवणींच्या वस्तूंपैकी असते. पाचसहा शिवराया एकाच माणसाकडे असतील आणि सगळ्यांवर अक्षर एकाच जागी कापलेलं असेल, तर त्या एकाच साच्यातून ओतलेल्या आहेत. हातोड्याचे दोन घाव हुबेहूब कधी पडत नाहीत.

महाराजांचा सोन्याचा होन सापडला असं कुणी म्हणालं तर शांत राहा. अस्सल होन हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत, नकला मात्र बाजारात ढिगाने.

एकाच नाण्यावर दोन वेगळ्या छापा दिसल्या म्हणूनही खोटं ठरवू नका. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला क्षत्रप नहपानाच्या १३,००० हून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यातल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर नहपानाला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपली छाप पुन्हा मारलेली होती. हरवलेल्या राजाचं नाणं वितळवायचं नाही, त्याच्या तोंडावरच आपला शिक्का मारायचा! सातवाहनांचा हा हिशेब मला फार आवडतो.

रामदरबार, हनुमान आणि १८१८

एका बाजूला राम-सीता, हनुमान, लक्ष्मी किंवा गणपती. दुसऱ्या बाजूला ‘ईस्ट इंडिया कंपनी’, ‘वन आना’ किंवा ‘हाफ आना’ आणि साल १६१६, १७१७ नाहीतर १८१८. हे नाणं जवळजवळ प्रत्येक गावात कुणाकडे तरी आहे आणि प्रत्येकाला ते लाखाचं वाटतं. कंपनीने अशी तांब्याची नाणी कधीच पाडली नाहीत. तांब्याचा एक आणा तर नव्हताच. एक आणा हे नाणं विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आलं, तेही तांबं-निकेलच्या मिश्रणाचं आणि नागमोडी कडेचं. कंपनीच्या खऱ्या पाव आण्यावर एका बाजूला तिचं सिंहांचं चिन्ह आणि दुसऱ्या बाजूला पानांच्या माळेत किंमत असते. देवांची ही नाणी पूजेसाठी आणि आठवण म्हणून बनवलेली पदकं आहेत. ‘तांदूळ ओढतं’, ‘वीज खेचतं’ असल्या गोष्टी याच पदकांभोवती रचून लोकांना लुबाडलं जातं. घरात असेल तर देव्हाऱ्यात खुशाल ठेवा. विकत मात्र घेऊ नका.

चांदीचे राणीछाप ‘रुपये’ सराफही धनत्रयोदशीला नवे घडवून विकत आले आहेत. चांदी खरी असते, नाणं खरं नसतं.

खरं, पण बिघडलेलं

नाण्याला भोक, कडेला डागाचा ओघळ, मागे तुटलेली कडी असं काही दिसलं तर ते दागिन्यात होतं. रुपयांच्या माळा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या घातल्या गेल्या; पुतळीच्या माळेतली पुतळीसुद्धा मुळात व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यावरून आली. असं नाणं सहसा खरंच असतं, संग्राहक त्याला कमी पैसे देतो एवढंच. १९४३ ते १९४७ मधला भोकाचा पैसा मात्र टांकसाळीतूनच तसा निघालेला आहे.

दाखवायचं कुणाला

गल्लीतला सराफ धातू सांगेल, नाणं सांगेलच असं नाही. टंच, म्हणजे धातूची शुद्धता, काढायला दिलं तर कसोटीच्या दगडावर घासू देऊ नका, ओरखडा कायमचा राहतो. मशीनवरची तपासणी चालेल, पण ती वरचा थरच वाचते, जाड मुलाम्याला फसू शकते. विकायचंच असेल तर १९३९ पर्यंतच्या न झिजलेल्या रुपयात १०.६९ ग्रॅम चांदी आहे हे लक्षात ठेवा. त्याहून कमी भाव कुणी देऊ लागला तर उठून या.

मुलाला घेऊन जायला नाशिकजवळ अंजनेरीची नाणकशास्त्र संशोधन संस्था आणि मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं नाण्यांचं दालन, या दोन जागा मला सर्वात योग्य वाटतात. खरी नाणी जवळून पाहिली की नजर तयार होते. नाणेसंग्राहकांची प्रदर्शनं भरतात तिथेही नाणं नुसतं दाखवा, पहिल्याच दिवशी विकू नका.

‘वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं द्या, दहा लाख घ्या’ असा फोन किंवा जाहिरात आली तर तो सापळा समजा. ते नाणं खरं आहे, २०१२ सालचं आहे, लाखांचं नाही. असे लोक आधी ‘नोंदणी फी’ किंवा ‘कर’ मागतात, त्यासाठी रिझर्व्ह बँकेचं नाव वापरतात. आपण अशा व्यवहारात नाही आणि कुणाला असे पैसे घ्यायचा अधिकार दिलेला नाही, असा इशारा बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये दिला होता.

जमिनीतून निघालं असेल तर

१८७८ चा निखात निधी कायदा, म्हणजे जमिनीत पुरलेल्या ठेव्याचा कायदा, आजही लागू आहे. जमिनीत दडलेला, दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. दहा रुपये १८७८ चे आहेत, कायद्याने ते बदललेले नाहीत. रस्त्यात पडलेलं एखादं सुटं नाणं आणि मडक्यात भरलेली पन्नास नाणी यांत फरक आहे. मडकं निघालं तर उकरणं थांबवा, जागेचा फोटो काढा, नाणी वाटून घेऊ नका, तहसील कार्यालयात कळवा. लपवलं तर सापडणाऱ्याचा हिस्साही जातो आणि गुन्हाही दाखल होऊ शकतो.

परदेशात राहणाऱ्या भाच्या-पुतण्यांना आठवण म्हणून शिवराई द्यायचा मोह होतो. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरतं आणि परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. सामानात आढळलं तर विमानतळावर अडचण होईल. त्यांना फोटो पाठवा.

आणि घरी ठेवायचं झालं तर मऊ प्लॅस्टिकच्या अल्बममध्ये नको, त्याने तांब्यावर हिरवा चिकटा येतो. साध्या कागदी पाकिटात ठेवा आणि पाकिटावर वजन, व्यास, सापडल्याची जागा आणि तारीख मुलाच्याच अक्षरात लिहून घ्या.